मी नामंजूर केलेला खेळ

नलू,

ही गोष्ट मी सात वर्षं टाळली. कोणालाच सांगितली नाही, तुला तर नाहीच. सांगायच्या जवळ आलो की मी भलतंच काहीतरी बोलायचो. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या आहेत, गॅसचा नंबर लावायचा आहे, असलं काही. आता ऐकायला तू नाहीस, तर सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही झालेलं नाही. पण बसलो आहे लिहायला.

तुझं तेरावं झालं. मी अजून रडलो नाही. लोक येतात, बसतात, मी त्यांना पाणी देतो. ‘जेवले का भाऊ?’ असं कोणी विचारलं तर हो म्हणतो, आणि ते गेल्यावर आठवून पाहतो की जेवलो होतो का. परवा तुझ्या मृत्यूच्या दाखल्यासाठी रांगेत उभा होतो. खिडकीतल्या माणसानं पतीच्या रकान्यात माझं नाव घातलं होतं. मी म्हटलं, भाऊ आहे मी, लग्न झालं नव्हतं तिचं. त्यानं कागद फाडला आणि दुसरा काढून दिला. मी चष्मा लावून ओळ न् ओळ तपासली. सगळं बरोबर होतं. बिनचूक कागद हातात आला की नोकरीत जसं बरं वाटायचं तसं वाटलं. स्कूटरपर्यंत चालत आलो तेव्हा लक्षात आलं की हा कागद कोणाचा आहे.

तर ते असं चाललं आहे.

तू काटोल सोडून कायमची इथे आलीस, तेव्हा तुझ्या वहिनीला, सुधाला, जाऊन वर्ष होत आलं होतं आणि माझा निखिल नुकताच पुण्याला नोकरीवर गेला होता. काटोलच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवून तू रिटायर झाली होतीस. तीन पेट्या पुस्तकं, एक पृथ्वीगोल आणि गादी नसलेला पलंग एवढं तुझं सामान. निखिलचं ते खेळायचं यंत्र हॉलमध्ये टीव्हीला जोडलेलंच होतं. तू विचारलंस, याचं काय करायचं? मी म्हटलं, झाकून ठेव. तू झाकलं नाहीस. निखिलला फोन लावलास आणि चालू कसं करायचं ते विचारून घेतलंस.

साठीला आलेली मास्तरीण जपानी खेळ खेळते, हे मी ऑफिसातल्या जुन्या मित्रांना सांगत नसे. खोटं कशाला बोलू, लाज वाटायची. एकदा तुझी एक जुनी विद्यार्थिनी काटोलहून बसनं संत्र्यांची पिशवी घेऊन आली. दारातच थबकली.

‘‘मॅडम, हे काय करून राहिल्या तुम्ही?’’

‘‘बैस. राक्षसाले मारून राहिली. दोन मिनिटं.’’

ती बिचारी पिशवी मांडीवर घेऊन राक्षस मरेपर्यंत बसून राहिली. मग तू तिला पोहे करून दिलेस आणि तिच्या घरच्या संत्र्यांच्या आंबिया बहाराची चौकशी केलीस, जणू मधलं काही घडलंच नव्हतं.

त्या पहिल्या खेळात एक मुलगा देवळाची घंटा पाठीवर घेऊन नदीच्या उगमाकडे निघालेला असतो. वाटेत त्याला सोबती मिळतात. कोणी भांडखोर, कोणी रडका. लढाया असतात, पण प्रत्येकाची पाळी ठरलेली. हे तुला फार आवडलं होतं. ‘‘दादा, यायच्या मारामारीत शिस्त आहे गा. एकानं मारलं की दुसऱ्याची पाळी येईपर्यंत सगळे गुमान उभे राहतात. आमच्या स्टाफरूममध्ये एवढी शिस्त नव्हती.’’ कोणाची ताकद वाढली की तू म्हणायचीस, वरच्या वर्गात गेला. कोणी लढाईत बेशुद्ध पडला की गैरहजर.

सामान वाहायला त्यात एक बैल होता. त्याला नाव द्यायचं होतं. तू ‘दादा’ दिलंस.

‘‘काहून वं?’’

‘‘चालते हळू. अन् रस्त्यात जे दिसंल ते हुंगल्याशिवाय पुढं जात नाही.’’

मग लढाईनंतर पडद्यावर इंग्रजीत वाक्य यायचं, दादा थकला आहे, त्याला चारा द्या. तू माझ्याकडे न पाहता म्हणायचीस, ‘‘चहा ठेवू काय?’’

मी मात्र बाजूला बसू लागलो. आधी इंग्रजी शब्द अडला तर सांगायला, म्हणून. तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं नव्हतं, पण ती माणसं बोलीभाषेत बोलायची आणि वाक्यं भराभर जायची. मग दिवा लावून झाला की मी दिवाणावर टेकून त्यांचे संवाद मोठ्यानं वाचायचो आणि तू बटणं दाबायचीस. भांडखोर सोबत्याचं बोलणं मी आमच्या जुन्या साहेबांच्या आवाजात वाचायचो. तू इतकी हसायचीस की मुलगा नदीत पडायचा. सुधा गेल्यानंतर त्या घरात मी मोठ्यानं काही वाचलं ते तेवढंच. हे तुझे उपकार मी तेव्हा उपकार म्हणून ओळखले नव्हते.

आणि तो खेळ तू संपवला नाहीस. हे मला नीट आठवतं, कारण त्यावरून आपलं भांडण झालं. उगमाजवळच्या किल्ल्यात शेवटची लढाई होती. तू दारापर्यंत गेलीस आणि परत फिरलीस. गावागावात जाऊन जुन्या माणसांना भेटत बसलीस. मी म्हटलं, ‘‘इतके महिने घालवले, संपव ना आता.’’

‘‘काहून? संपवायची काय घाई आहे?’’

‘‘शेवट माहीत नाही झाला तर एवढं सगळं कशासाठी?’’

‘‘ते तुह्या फाइलींचं आहे दादा. निकाल नाही लागला तर फाइल फुकट. मी घंटा पोचवाले नाही आली. मले यायच्यासोबत चालायचं होतं, ते चालणं झालं.’’

मी म्हटलं, हा पळपुटेपणा आहे. तू म्हणालीस, असू दे. तो किल्ला अजून तसाच आहे. तो मुलगा दाराशी उभा असेल.

हे भांडण नीट लक्षात ठेव, कारण पुढे मी जे केलं त्यासाठी स्वतःला जी सबब दिली, ती या एका गोष्टीनं खोटी ठरते. आणि हे मला तेव्हाही माहीत होतं.

आपल्या घरात माझ्या शेऱ्याशिवाय काही येत नसे. माझी सगळी नोकरी लोकांचे प्रस्ताव वाचून त्यावर शेरा मारण्यात गेली. घरीही तेच. मिक्सर असो, निखिलचं कॉलेज असो, मी आठ-दहा ठिकाणी चौकशी करायचो, मग मंजूर किंवा नामंजूर. सुधा यावरून चिडायची. तू चिडली नाहीस, तू त्याची गंमत केलीस. काही हवं असलं की माझ्यासमोर येऊन उभी राहायचीस आणि म्हणायचीस, ‘‘साहेब, शेरा मारा.’’ आणि मारला की तो पाळायचीस. गंमत करणारं माणूस एवढं प्रामाणिकपणे पाळतं, हे मला नेहमी विचित्र वाटायचं.

सात वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तुझ्या पोटात गाठ निघाली. धंतोलीतल्या त्या गल्लीत, जिथे एका दवाखान्याच्या पायऱ्या संपायच्या आत दुसऱ्याची पाटी दिसते, तिथे तुझं ऑपरेशन झालं. तुला खाटेवर आणल्यावर डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. तरुण माणूस होता, भला होता. म्हणाला, ‘‘काका, जेवढं निघत होतं तेवढं काढलं. पण पसरलेलं आहे. औषधं देऊ. दिवाळी पाहतील की नाही, ते मी सांगू शकत नाही. पेशंटला काय सांगायचं, ते तुम्ही ठरवा.’’

हे ठरवायला आपल्याकडे कोणी वेळ घेत नाही. बाबांच्या वेळी आपण दोघांनी मिळूनच त्यांना सांगितलं नव्हतं. अल्सर आहे म्हटलं होतं. बाबा शेवटपर्यंत तिखट सोडून बसले होते, बरे होण्यासाठी. ते गेल्यावर तू मला म्हणाली होतीस, ‘‘दादा, माह्या वेळेस असं नको करजो.’’ मी हो म्हटलं होतं.

केबिनमधून बाहेर आलो. तू ग्लानीतच विचारलंस, ‘‘काय म्हणते तो?’’ मी म्हटलं, ‘‘गाठ होती, काढली. आता गोळ्या-सलाइन, बाकी काही नाही.’’ तू म्हणालीस, ‘‘चला.’’ आणि झोपलीस.

पाच-सहा दिवसांनी तुला फोन हातात धरता येऊ लागला. मी घरून वरणाचा डबा घेऊन आलो तर तू उठून बसलेली.

‘‘दादा, हे पाह्य. बाई पाह्य.’’

फोनवर एका नव्या जपानी खेळाची जाहिरात होती. डोंगरकड्यावर एक बाई उभी. केस पूर्ण पांढरे, पाठ जरा वाकलेली, खांद्यावर लोखंडी साखळी.

‘‘साठीची असंल. माह्याएवढी. आजवर सारे पोरंसोरंच पाहिले या खेळांत. पयल्यांदा म्हातारी.’’

‘‘या वयात मारामारी करते काय?’’

‘‘मारामारी कमी आहे म्हणते. ते साखळी मोजणीची आहे गा. बाई नकाशे काढते. जवानीत काढलेला नकाशा खोटा झाला, नद्या सरकल्या, गावं उठून गेले. मंग ते सगळा मुलूख पायानं फिरून पुन्हा काढाले निघते.’’ तुझा आवाज ऑपरेशननंतर पहिल्यांदा तुझ्यासारखा वाटला. ‘‘पण लंबा खेळ आहे. एवढा घ्यावा का नाही, सांग. शेरा मार.’’

मी म्हटलं, पाहतो.

आणि मी खरंच पाहिलं. नलू, इतकी कसून चौकशी मी मिक्सरचीसुद्धा केली नव्हती. सलाइनची बाटली संपायची वाट पाहत बाहेरच्या बाकावर बसून मी त्या खेळाबद्दल जगभरच्या लोकांनी लिहिलेलं वाचत होतो. त्यात नावं ठेवणारेही होते. एकानं लिहिलं होतं, झोप येते. एका बाईनं लिहिलं होतं की पहिले दहा-बारा तास नुसतं चालणं आहे, ज्याला चालायला आवडत नाही त्यानं येऊच नये. पण मग कोऱ्या कागदावर पहिली नदी आपण आपल्या हातानं काढतो, आणि तिथून पुढे उठवत नाही. बहुतेकांचं म्हणणं तेच होतं. हळू आहे, मोठा आहे, खेळा. शेवट काय आहे ते कोणी सांगत नव्हतं. धीर धरा आणि तिथपर्यंत जा, एवढंच. सगळा मिळून नव्वदेक तासांचा.

मी त्या तासांवर अडकलो. औषधं सुरू झाल्यावर तुला दिवसाआड एखादा तास बसवेल, काही आठवडे तेही नाही. आणि डॉक्टर दिवाळीबद्दल बोलला होता. मनातल्या मनात मांडून पाहिलं. बसत नव्हतं. तू कुठेतरी अर्ध्या मुलखात, अर्ध्या नकाशावर राहणार होतीस.

घरी आल्यावर मी तुला मोसंबीचा रस काढून देत होतो, तेव्हा तू विचारलंस, ‘‘काय झालं माह्या नकाशेवालीचं?’’

‘‘बोगस आहे.’’

‘‘कोण म्हणते?’’

‘‘सगळेच. नुसतं चालून चालून वैताग येते म्हणतात. कथा नाही काही.’’

‘‘अन् शेवट?’’

‘‘शेवट गुंडाळला.’’

तू फोनवरचं ते चित्र थोडा वेळ पाहत राहिलीस. ‘‘बाई तर मस्त काढली होती,’’ म्हणालीस. मग फोन पालथा ठेवलास. ‘‘बरं झालं तू पाहून घेतलं. नाही तर घेऊन बसली असती अन् पस्तावली असती मी.’’

रस घेताना तू मला म्हणालीस, तू माह्यासाठी किती करतं गा दादा.

मी ग्लास विसळायला घेऊन गेलो.

आता सरळ लिहितो. मी स्वतःला सांगितलं होतं की तुझ्या भल्यासाठी केलं. अर्धवट राहिलं असतं, तुझा जीव अडकला असता. पण किल्ल्याच्या दारातून हसत परत फिरणारी बाई तू. अर्धवटाचं भय तुला कधी नव्हतं, मला होतं. खरी गोष्ट ही की तू खेळली असतीस तर मला बाजूला बसून मोठ्यानं वाचावं लागलं असतं, आणि रोज किती मुलूख झाला आणि किती राहिला हे पाहावं लागलं असतं. तेवढं मला झेपणार नव्हतं. मी माझी सुटका केली आणि तिला तुझ्यावरची माया म्हटलं.

मग दिवाळी आली आणि तू होतीस. कोथिंबिरीच्या पुडाच्या वड्या केल्यास, सांबाराच्या जुड्या निवडायला मला बसवलंस, ‘‘दांडे काहून टाकतं त्याच्यात’’ म्हणून ओरडलीस. संक्रांत झाली. उन्हाळ्यात पुन्हा तपासण्या झाल्या आणि डॉक्टर कागद दोनदा वाचून हसला. म्हणाला, औषधाला असा प्रतिसाद फार कमी जणांचा येतो. तू बाहेर येऊन म्हणालीस, ‘‘काय एवढं हसत होता तो?’’ मी म्हटलं, रिपोर्ट चांगला आला. तू म्हणालीस, ‘‘मंग चांगलाच येईन ना. गाठ तर काढली होती.’’

मला आनंद झाला होता, तो खरा होता. पण त्याच्याखाली एक ओशाळेपणा होता, तो कोणाला सांगता येण्यासारखा नव्हता. मी तुझी फाइल आधीच बंद करून ठेवली होती. त्या वर्षात तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मी ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून ढकललं होतं. हिवाळ्यात तुझ्या खोलीच्या भिंतीची ओल काढायची होती, ती काढली नव्हती. असं काही मी मुद्दाम ठरवून केलं नव्हतं, पण तुझ्यासाठी लांबचं काही करणं माझ्या हातून बंद झालं होतं. ते लक्षात आल्यावर मी घाईनं डोळे करून घेतले, भिंत करून घेतली. खेळ मात्र राहिला. कारण भिंतीसाठी काही कबूल करावं लागत नाही. खेळ चांगला आहे असं म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, मग तेव्हा बोगस काहून म्हटलं? आणि त्या एका धाग्यानं सगळंच उसवलं असतं. डॉक्टरची केबिन, बाबा, मी दिलेला शब्द.

पहिली दोन वर्षं मला वाटायचं, तोंडातून काढलं तर आजार परत येईल. नंतर तशी भीती राहिली नाही, नुसती सवय राहिली.

एकदा निखिलचा फोन आला होता. तू हॉलमध्ये, मी स्वयंपाकघरात. तू फोन मोठ्या आवाजावर ठेवायचीस म्हणून मला ऐकू आलं. ‘‘आत्या, तो नकाशेवाला खेळ आता स्वस्त झालाय. टाकू का तुझ्यासाठी?’’

‘‘नको रे. बोगस आहे तो.’’

‘‘कोण म्हणतं? माझे सगळे मित्र तर...’’

‘‘दादानं पायला होता म्हटलं ना. तुह्ये मित्र काय दादापेक्षा जास्त पाहतात?’’

मी नळ सोडला. भांडी नव्हती घासायला.

त्यानंतर तू घंटेवाला खेळच पुन्हा पहिल्यापासून सुरू केलास. तिसऱ्यांदा. बैलाचं नाव तेच ठेवलंस. मी बाजूला बसून वाचत होतो आणि आपल्या दोघांना सगळे संवाद पाठ झाले होते. एका संध्याकाळी तू मधेच थांबून विचारलंस, ‘‘दादा, तो खेळ खरंच एवढा बोगस होता काय गा?’’ मी म्हटलं, ‘‘लोक तेव्हा तसंच म्हणत होते.’’ तू हं म्हणालीस. पाळी तुझी होती, तू मारलंस.

तुला कळलं होतं का, यावर मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, नव्हतं कळलं. तू मनात ठेवणारी नव्हतीस. कळलं असतं तर तू त्याच क्षणी बटणं खाली ठेवून मला चांगली झोडपली असतीस, दोन दिवस बोलली नसतीस, आणि तिसऱ्या दिवशी खेळ विकत घेऊन मला वाचायला बसवलं असतंस. हे मला इतकं स्पष्ट दिसतं की मी तुला सात वर्षांत का सांगितलं नाही, ते मला आता कळत नाही. माझं काय जाणार होतं? दोन दिवसांचा अबोला.

यंदा मार्चमध्ये तुझं हृदय थकलं. जुन्या आजाराचा त्याच्याशी संबंध नव्हता, डॉक्टरांनी तसं सांगितलं. त्याच गल्लीतला दुसरा दवाखाना. दुपारी थोडा वेळ आत सोडायचे. तुझ्या तोंडाला मास्क होता, पण डोळे चांगले उघडे होते. मी ठरवून गेलो होतो.

‘‘नलू, तुले एक सांगायचं होतं.’’

तू भुवया वर केल्यास.

‘‘तो खेळ होता ना. नकाशेवाल्या बाईचा.’’

तू मास्क जरासा बाजूला केलास. श्वास लागत होता. मला वाटलं, तू विचारणार, काय त्याचं? मग मी सांगणार होतो. शब्द तयार होते.

तू म्हणालीस, ‘‘बोगस होता ना तो.’’

माझाच शेरा तू माझ्या हातात ठेवलास. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, फक्त मला बरं वाटावं असं काहीतरी. म्हाताऱ्या माणसाला जुनं काही आठवलं की आपण त्याचं वाक्य पूर्ण करून देतो, तसं.

मी म्हटलं, ‘‘हो.’’

मग तू विचारलंस, कूलरमध्ये पाणी टाकून आला काय. मी म्हटलं, टाकलं. बाहेरून हाक आली, वेळ झाली. मी तुझा मास्क नीट बसवला आणि निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला.

एवढ्यावर मी गप्प राहिलो असतो. पण तेराव्यानंतर निखिल ते यंत्र पुसत होता. त्यातले तुझे जुने खेळ पाहत होता. म्हणाला, ‘‘बाबा, आत्यानं तो एक खेळ कधीच का घेतला नाही? तिच्यासाठीच केल्यासारखा होता तो.’’

मी म्हटलं, ‘‘तिला नको होता.’’

तू गेल्यावरही मी तेच केलं, नलू. या वेळी कोणाला वाचवायचं नव्हतं, कोणी आजारी नव्हतं. आणि या वेळी खोटं माझ्या नावावर नाही, तुझ्या नावावर मांडलं गेलं. निखिल मान हलवून पुढे पुसू लागला. त्याच्यापुरतं ते खरं झालं. पुढे कधी तो आपल्या मुलांना सांगेल, आत्याला तो खेळ नको होता. म्हणून हे लिहितो आहे. लिहून झालं की त्यालाच पाठवणार आहे. तुला तो खेळ हवा होता. दवाखान्याच्या खाटेवर उठून बसून तू तो मागितला होतास, आणि मी चांगला असल्याचं पुरतं माहीत असताना नामंजूर केला.

निखिल विचारत होता, यंत्र पुण्याला घेऊन जाऊ का. मी म्हटलं, ने. नेलं त्यानं. टीव्हीखालची जागा रिकामी आहे. तिकडे पाहून मला काही होत नाही. होईल कधीतरी, असं लोक म्हणतात.

दवाखान्यात त्या दुपारी जे बोलायचं होतं, ते आता बोलतो. तिथे बोललो असतो तसंच.

नलू, थांब, बोगस नव्हता तो. चांगला होता वं. सगळे म्हणत होते, खेळाच म्हणून. मीच तुले खोटं सांगितलं. डॉक्टरनं मले सांगितलं होतं की तू दिवाळी पाहशील का नाही याचा भरवसा नाही, अन् मी भ्यालो. तुह्ये किती दिवस उरले ते मी तुले न विचारता मोजून टाकले, अन् तू जगली तरी गुमान राहिलो. तू म्हटलं होतं, माह्या वेळेस असं नको करजो. मी तेच केलं. चुकलं माह्यं, नलू. मले माफ कर.